गॅलरीतलं माहेर

१७ नोव्हेंबर, सोमवार

पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून लिहितेय. घरात खुर्च्या आहेत, पण प्रत्येक खुर्चीवर माणूस आहे.

आई-बाबा आज आले. आईच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन दिवाळीआधीच झालं. आता रामदासपेठेतल्या दवाखान्यात रोज रेडिएशनचा शेक घ्यायचा आणि मधूनमधून केमो. काटोलच्या पलीकडच्या आमच्या गावाहून रोज येणं-जाणं तिला झेपणार नाही. केयूर म्हणाला, "इथेच राहतील, त्यात विचारायचं काय?" नवऱ्याचा मला फार अभिमान वाटला. मग त्याने ऑफिसचं टेबल बेडरूममध्ये आणून माझ्या कपाटाला टेकवलं, आणि अभिमान थोडा उतरला. आता साडी काढायची तर त्याची मीटिंग संपायची वाट बघावी लागते.

मनीषनगरचा हा टू बीएचके चौघांना पुरत होता. आता सासूबाईंच्या पलंगावर अर्ध्या भागात आई. हॉलमध्ये दिवाणावर सासरे आणि खाली गादीवर बाबा, दोघे व्याही एकमेकांना "तुम्ही वर झोपा" असा आग्रह करकरून दमले. मी "आई" अशी हाक मारली की दोन्ही आया ओ देतात.

बाबांनी गावाहून तूरडाळ, ज्वारी, मिरच्या आणल्या. ते ठीक. सोबत एक छोटा गॅस सिलिंडर आणि एकच शेगडीही आणली. "हे कशाला?" विचारलं तर म्हणाले, "तुह्या मायनं घ्याले लावलं."

१८ नोव्हेंबर

आज कळलं कशाला ते.

सासूबाईंनी सगळ्यांची ताटं वाढली. आई बसली. बाबा बसायला वाकले तर आई म्हणाली, "त्याईचं नका वाढू, विहीणबाई. लेकीले लेकरू होत नाही तवरोक बाप तिच्या घरचं अन्न खात नसते. आमच्यात नेम हाय. मी बिमार माणूस, मले चालते."

सगळ्यांनी एकदम वरणाकडे बघितलं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षांत या घरात जे कोणी एकदाही बोललं नाही ते आईने पहिल्याच जेवणाला पंगतीत वाढून ठेवलं. बाबा अर्धवट वाकलेले तसेच राहिले. आईकडे असे बघत होते, जणू तिने त्यांच्या नावावर भलतंच काही खपवलंय. चारचौघांत लाज वाटली असणार.

सासरे बाबांना म्हणाले, "नत्थूजी, आमचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून नागपुरात, पण असला नेम काही आम्ही पाळला नाही." आई म्हणाली, "तुमचं मोठं घर, दादा. आमाले पाळा लागते." चहा मात्र चालतो म्हणे. सासूबाईंनी स्वयंपाकघरात मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात विचारलं, की चहात आमचंच दूध असतं ना?

शेगडी गॅलरीत लागली. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा चहा गाळून घेतला नाही, तो माणूस संध्याकाळी गॅलरीत उकिडवा बसून भात शिजवत होता. आई दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसून हुकूम सोडत होती. भात खाली लागला. बाबांनी वरचा-वरचा खाल्ला, मिरचीच्या ठेच्याशी. मी आमच्या डायनिंग टेबलावर बटाट्याची भाजी गिळत होते.

२० नोव्हेंबर

माझे संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग सुरूच आहेत. 'रोज एक इंग्रजी वाक्प्रचार' हा मीच काढलेला प्रकार. आजचा होता चीक बाय जाउल. चीक म्हणजे गाल, जाउल म्हणजे जबडा, गळ्याकडची वळी. गालाला जबडा लागेल इतकं खेटून. माणसं, घरं, दुकानं, काहीही. राहणं, उभं असणं, बसणं अशा क्रियापदांबरोबर वापरायचा. आणि एक खुबी सांगितली, की ज्या दोन गोष्टी एरवी एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत त्या शेजारी-शेजारी आल्या, की हा विशेष शोभतो. शब्दकोशात महाल आणि झोपड्यांचं उदाहरण असतं. मी मुलांना म्हटलं, शिळं उदाहरण नको, आपापलं आणा.

रीनाने विचारलं, "मॅडम, प्रेमाने जवळ राहणाऱ्यांना म्हणतात का?" मी म्हटलं, "नाही. यात प्रेम असेलच असं नाही, फक्त जागा कमी असते." बरं उत्तर दिलं असं वाटलं.

तेवढ्यात गॅलरीतून आई ओरडली, "अजी, मोहरी तडकू द्या आधी, कायची घाई करून राहिले!" ते सगळ्यांना ऐकू गेलं. दुर्गेशने लगेच लिहिलं, मॅडम, मोहरी तडकणे याला इंग्रजीत काय म्हणायचं. मी माइक बंद केला. मला आईच्या बोलण्याची लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याची लाज वाटली. या घरात आल्यापासून मी 'मला-तुला' बोलते. आईसमोर मात्र तोंडातून 'मले' निघतं आणि सासूबाईंसमोर परत 'मला'. आता दोघी एकाच खोलीत असल्यावर काय बोलायचं? मी कमीच बोलते.

२६ नोव्हेंबर

सकाळी आईला घेऊन रामदासपेठ, रांग, शेक, परत. येताना तिला रिक्षातच मळमळतं. घरी आल्यावर ती पडून राहील असं वाटतं, पण ती तोंड धुते आणि थेट गॅलरीच्या दाराशी. जणू तिथे कोणी तिची हजेरी घेणार आहे. "आज वांगे करा. नाही, चिरून नोको देऊ वं उन्नती, त्याईलेच चिरू दे."

बाबांचं बोट कापलं. मी हळद घेऊन धावले तर आई म्हणते, "लागू दे, शिकतीन."

इतकी कठोर बाई मी बघितली नाही. आजारपणाने अशी झाली की आधीपासूनच होती, आठवत नाही.

केयूरशी भांडण झालं. भिंती पातळ आहेत म्हणून आम्ही एकाच पलंगावर शेजारी बसून व्हॉट्सअ‍ॅपवर भांडलो. मी लिहिलं, तुझ्या आईने आज तीनदा गॅलरीचं दार आपटलं. त्याने लिहिलं, तुझ्या बाबांनी तिच्या तुळशीशेजारी लसूण सोलला. मग त्याला हसू आलं. मला आलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबांची फोडणी जळाली, घरभर धूर. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी खिडक्या लावल्या. सासूबाईंचा बांध फुटला. "नत्थूजी, आमच्या घरात काय विष शिजतं का? लोक काय म्हणतील, व्याह्याला गॅलरीत बसवलंय!" बाबा मान खाली घालून कढई खरवडत राहिले. आई खुर्चीतून म्हणाली, "विहीणबाई, त्याईले काही नका म्हणू. मले म्हणा." सासूबाई आत निघून गेल्या.

संध्याकाळी बाबा खाली नळावर भांडी घासायला आले, तेव्हा मी गाठलंच. "बाबा, काहून नाही जेवत तुम्ही माझ्या घरी? मले पोर नाही म्हणून?"

त्यांच्या हातातलं भांडं निसटलं. "तसं नोको म्हणू वं, बाई."

"मग कसं म्हणू?"

"तुही माय म्हणते नेम हाय, तर असन."

"तुमच्या मायने पाळला होता? आजोबा आत्याकडे जेवत नव्हते?"

बाबा भांडं घासत राहिले. मग म्हणाले, "जेवत." आणि वर निघून गेले. म्हणजे नेम सगळ्या घराण्याचा नाही, फक्त माझ्याकरता. वांझोटीच्या घरचं अन्न म्हणजे... पुढचं लिहीत नाही.

४ डिसेंबर

इथल्याच बेसा भागातून रुख्मिणीचा फोन आला. ही माझी चुलतबहीण, महादेवकाकांची मुलगी. आईची तब्येत विचारत होती. मी सहज विचारलं, काका कुठे आहेत? म्हणाली, कुठे म्हणजे, माझ्याकडेच. काकू गेल्यावर वर्षभर एकटे गावात राहिले, बिस्किटं आणि शेजाऱ्यांच्या डब्यावर. मग एकदा चक्कर येऊन पडले, तेव्हापासून तिच्याकडेच असतात.

रुख्मिणीलाही मूल नाही. काका तिच्याकडे तिन्ही त्रिकाळ जेवतात.

फोन ठेवला आणि आईसमोर जाऊन उभी राहिले. ती गॅलरीच्या दाराशी कण्हत बसली होती, केमोनंतरचे तिचे दिवस वाईट असतात. पण माझंही डोकं फिरलेलं. विचारलं, "काका रुख्मिणीकडे जेवतात ते कसं चालतं? त्यांना नाही का नेम?"

आईने शाल सावरली. मग म्हणाली, "तुह्या काकाचे हाल मी पाह्यले हायेत, उन्नी. ताटावर बसून वाट पाहे कोणी वाढते का म्हणून. लेकीच्या घरी गेला तरी अजून दारातच बसल्यासारखा बसते."

"मी काय विचारलं अन् तू काय सांगून राहिली!"

"मी तेच सांगून राहिलो," ती म्हणाली आणि बाबांकडे वळली. "अजी, पिठल्यात गुठळी होऊन राहिली. पाणी हळू सोडा."

अडचणीत आलं की विषय बदलायचा, ही तिची जुनी खोड.

९ डिसेंबर

भिंतीपलीकडे दोघी आया कुजबुजतात. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोन बायका किती दिवस गप्प राहतील? सुरुवातीला पाठ करून झोपायच्या. आता आवाज येतो, शब्द येत नाहीत. आज दुपारी तर सासूबाई रडत असाव्यात असं वाटलं. मी दार ढकललं तर दोघी एकदम गप्प. आईचा हात सासूबाईंच्या हातात.

त्या माझ्याबद्दलच बोलत असणार, दुसरं काय? एकीला नातू नाही, दुसरीला नातू नाही. दुःख वाटून घेताहेत.

आणि संध्याकाळी सासूबाईंनी नवलच केलं. त्यांचा लोखंडी तवा, ज्याला त्या मला अजून हात लावू देत नाहीत, तो स्वतः गॅलरीत नेऊन बाबांसमोर ठेवला. "नत्थूजी, तुमचा तवा पातळ आहे. यावर करून बघा." वर बसायला चटईही दिली. बाबा गोंधळले. आईने फक्त मान हलवली.

मला वाढताना सासूबाईंनी ताटात जास्तीची पोळी टाकली आणि म्हणाल्या, "खा गं, तुला ताकद लागेल." कशाला लागेल ते विचारलं नाही. आता हे नवीन सुरू होणार. मग वैद्य येईल, मग नवस.

१४ डिसेंबर, रविवार

आज बाबांचं वरण जमलं.

जमलं म्हणजे काय, सगळा मजला जेवणाआधी हुंगत होता. लसणाची फोडणी, वर सांबार चिरलेला (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. केयूरला लग्नानंतर हे समजायला दोन वेळा भाजीवाल्याकडे जावं लागलं). सासरे पेपर घेऊन गॅलरीच्या दाराशी आले, "बातमी वाचून दाखवतो" म्हणाले, आणि वाटी पुढे केली. मग केयूर आला. मग सासूबाई, "चव बघते फक्त" म्हणत. शेवटी आम्ही सगळेच त्या एवढ्याशा दारात गुडघ्याला गुडघा लावून बसलो. बाबा वाढत होते. जो माणूस आमच्या घरचं खात नाही त्याच्या हातचं सगळं घर खात होतं.

मीही खाल्लं. रुसून राहणार होते, पण पहिल्या घासानंतर मीच वाटी पुन्हा पुढे केली. लग्नानंतर माहेरी दरवेळी आईच्या हातचं खाल्लं, बाबांच्या हातचं कधी नाही. गॅलरीच्या चौकटीच्या अलीकडे माझं सासर आणि पलीकडे माझं माहेर. कोणत्या मुलीला दोन्ही अशी खेटून मिळतात? एरवी मध्ये एसटीचा प्रवास असतो, बॅग असते, परवानगी असते. वर्गासाठी उदाहरण सापडलं की काय असं वाटलं. पण पाठवलं नाही, फार घरचं होतं.

आईने दोनच घास खाल्ले. मग बाबांना म्हणाली, "आता कोणाच्या तोंडाकडं पाहाचं काम नाही तुमाले."

आईच्या तोंडून बाबांचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. बाबा खुश व्हायला हवे होते. ते उठून हात धुवायला गेले आणि लवकर आलेच नाहीत.

२६ डिसेंबर

शेक संपले. परवाच्या तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन आज डॉक्टरांकडे गेलो, मी आणि केयूर. ते फार शांत बोलतात. म्हणाले, सध्या सगळं थांबवू. शरीराला आराम देऊ. दुखलं तर औषध आहेच. त्यांना आवडेल ते खाऊ द्या, आवडेल तिथे राहू द्या.

म्हणजे चांगलंच ना? रोजचं रामदासपेठ बंद. मी केयूरला तसं म्हटलं. तो म्हणाला, "हो," आणि पार्किंगची पावती शोधत बसला, खिसा, पाकीट, परत खिसा. पावती माझ्या हातात होती. मी दाखवली तरी त्याला दिसली नाही. मग रस्त्यात गाडी थांबवून त्याने संत्र्यांची आख्खी टोपली घेतली. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि हा टोपली घेतो.

आईला सांगितलं, आता आराम करायचा. ती म्हणाली, "हाव. मले माहीत हाय."

३ जानेवारी

आई आता खुर्चीत बसू शकत नाही. सासूबाईंनीच सुचवलं, पलंग ओढून गॅलरीच्या दाराशी आणू. हॉल संपला. सासऱ्यांचा दिवाण भिंतीला उभा केला, पलंगाच्या रिकाम्या जागी केयूरचं टेबल गेलं आणि सासरे आता त्याखाली पाय घालून झोपतात, खरंच. कोणी तक्रार करत नाही. मला वाटतं आम्ही सगळे थकलो आहोत.

बाबांना आता बहुतेक सगळं येतं. वरण, भात, पिठलं, भरीत, कढीसुद्धा. राहिली ती भाकर. आई पडल्या-पडल्या हवेत हात फिरवून दाखवते, असं थापायचं, असं फिरवायचं. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. बाबा तिच्या हाताकडे बघतात, परातीकडे बघतच नाहीत. भाकर फाटते.

मी म्हटलं, "आई, तू झोप. भाकर मी देते त्यांना." तर डोळे मिटूनच म्हणाली, "तू किती दिवस देशीन?"

आयुष्यभर देईन, असं म्हणायचं होतं. पण 'नेम' मध्ये येतो ना. मी आत गेले आणि रागारागाने संत्री सोलली. कोणाला नको होती.

१० जानेवारी, शनिवार

पुन्हा पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून लिहितेय.

दुपारी सासूबाईंनी ताटं घेतली. आई बरीच शुद्धीत होती, सकाळपासून चांगली वाटत होती. तिने बाबांना जवळ बोलावलं. म्हणाली, "अजी, आज टेबलावर बसा. लेकीच्या घरचं जेवा."

मला वाटलं ती बरळतेय. मी म्हटलं, "आई, नेम?"

"कोणता नेम, बाई. मीच काढला होता." तिला दम लागत होता, थांबत-थांबत बोलली. "यायले एरवी चुलीपाशी कोणं बसवलं असतं? इथं तू हायेस, विहीणबाई हाये, दोघी वाढून-वाढून त्याईले पुन्हा देवच केलं असतं. तुह्या काकासारखं दारात बसलेलं मले पाहावत नव्हतं. तुले वाईट वाटलं असन, मले समजे. पण दुसरं काही सुचलं नाही." मग बाबांना म्हणाली, "झालं तुमचं शिकून. बसा आता."

सासूबाई पदर तोंडाला लावून ओट्याकडे वळल्या. त्यांना माहीत होतं. एक महिन्यापासून माहीत होतं. आई फार दिवसांची सोबती नाही हे केयूरलाही डॉक्टरांच्या खोलीतच कळलं होतं. घरात एकमेकांचा श्वास ऐकू येतो इतकी जवळ माणसं आणि मी एकटी स्वतःच्या दुःखाची दारं लावून बसले होते. आई मला सात आठवडे सांगत होती. "मी तेच सांगून राहिलो," म्हणाली होती की.

मी तिच्या पायाशी बसून रडले. तिने थांबवलं नाही, फक्त म्हणाली, "जेवू दे त्याईले आधी."

पण बाबा टेबलावर बसले नाहीत. सगळ्यांकडे पाठ करून गॅलरीत शेगडीसमोर बसले, तसेच उकिडवे. म्हणाले, "माहं नाही झालं शिकून. भाकर कुठी येते मले?"

आई म्हणाली, "एक भाकर नाही आली तर काही बिघडत नाही."

"बिघडते," बाबा म्हणाले. "भाकर आल्याबिगर मी लेकीच्या घरी जेवत नसतो. माहाही नेम हाय."

आई हसली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "मंग मळा पीठ. पाणी गरम घ्या."

भाकर फाटली. आईने सांगितलं, काठ दाबा. परत फाटली. "उद्या पाहू," आई म्हणाली.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी लवकर जाग आली. आई झोपली होती, सासूबाई तिच्याजवळ पेंगत होत्या. गॅलरीचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून भाजल्याचा वास येत होता.

बाबा भाकर करत होते. पिठाचा गोळा तळहातावर फिरवला, परातीत थापला, चारी बाजूंनी सारखा. बोटांना सवय असल्यासारखी ती भाकर वाढत गेली, गोल, पातळ, एक चीर नाही. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आचेवर धरली तर टम्म फुगली. माझ्या आईची असते तशी.

त्यांनी ती हातात घेऊन बघितली. मग चार घड्या घालून कोरडीच खाल्ली, घाईघाईने, दाराकडे पाठ करून. परात धुतली. पिठाचे सांडलेले कण ओल्या फडक्याने पुसले. मी आवाज न करता मागे आले.

दुपारी आईला उशी लावून बसतं केलं. तिने बाबांना हाक मारली, "या, करा." बाबांनी पीठ मळलं, तिच्या समोर, अगदी हळू. थापताना अंगठा जरा जास्त दाबला. मी बघितलं, कारण आता मी बघत होते. भाकर मधोमध फाटली.

"पाणी कमी पडलं," आई म्हणाली.

"पडलं असन," बाबा म्हणाले. "मले नाही समजत त्यातलं. तूच सांगा लागते."

"सांगतो ना. उद्या पुन्हा करू."

"हाव. उद्या."

आईला कळलं असेल का? सकाळचा वास तिलाही आला असणार, तिच्या नाकाला भाकरीचा वास झोपेतही कळतो. तिने फाटलेल्या भाकरीचा तुकडा मागून घेतला, तोंडात धरून ठेवला आणि डोळे मिटले. बाबांनी तिच्या ओठाला लागलेलं पीठ बोटाने पुसलं. त्या दोघांच्या मध्ये तेव्हा एक परात मावेल एवढीही जागा नव्हती. वर्गात रीनाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं, तिला सांगायला हवं.

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, डब्यातलं पीठ आजच्यापुरतंच आहे, उद्या काय करायचं?

मी ज्वारीची पिशवी स्कूटीवर ठेवली आणि गिरणीत दळायला टाकून आले. गिरणीवाला म्हणाला, "ताई, ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, थोडं-थोडं न्या." मी म्हटलं, "असू द्या. सगळंच दळा."